गुरूंचे चिलखत, शिष्याचे अंग

फाल्गुन वद्य षष्ठी समीप आली की पैठणच्या चारही वाटा दिंड्यांनी फुलू लागतात आणि गोदातीरीच्या वाळवंटात टाळमृदंगाचा घोष अहोरात्र चालतो. जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांच्यावरील श्रीदत्तात्रेयांचा अनुग्रह, स्वामी आणि नाथ यांची प्रथम भेट, स्वामींचे निर्याण आणि शके 1521 मध्ये नाथांनी गोदेच्या प्रवाहात घेतलेली समाधी, या पाचही घटना परंपरेने याच एका तिथीला मानल्या आहेत. म्हणून या पर्वाला पंचपर्वश्रेणी असे सार्थ नाव आहे. षष्ठीपासून अष्टमीच्या काल्यापर्यंतचा हा सोहळा ज्याने एकवार पाहिला, त्याचे पाय पुढच्या वर्षी आपोआप पैठणकडे वळतात.

या दिवसांत गावोगावच्या देवळांत, वाड्यांत आणि शाळांत नाथचरित्रातील प्रसंग मुलांकडून करवून घेण्याची प्रथा आहे. तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी काशीच्या गंगेची कावड रिकामी करणारे नाथ, वाळवंटात पोळणाऱ्या अंत्यजाच्या लेकराला कडेवर घेणारे नाथ, श्रीखंड्याने भरलेला रांजण, रात्रभर जागून सापडलेली एका पैची चूक, हे सारे प्रसंग आमच्या माता-भगिनींना तोंडपाठ आहेत. परंतु मुलांना विचाराल तर त्यांचा ओढा एकाच प्रसंगाकडे. तो म्हणजे देवगिरीवरील प्रसंग. त्यात तलवार आहे, घोडा आहे आणि मुख्य म्हणजे चिलखत आहे!

हा प्रसंग महिपतींनी आपल्या संतचरित्रांत रंगवून सांगितला आहे. जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार. गुरुवार हा त्यांचा ध्यानधारणेचा दिवस. अशाच एका गुरुवारी स्वामी समाधीत निमग्न असता परचक्र चालून आले. गडावर धावाधाव झाली. दाराशी बसलेल्या नाथांपुढे पेच पडला. स्वामींना उठवावे तर समाधिभंगाचे पाप, न उठवावे तर गड जातो. तेव्हा नाथांनी गुरूंना मनोमन नमस्कार केला, त्यांचे चिलखत आपल्या अंगावर चढविले, त्यांची तलवार हाती घेतली, त्यांच्या घोड्यावर मांड टाकली आणि शत्रूला पिटाळून लावले. परतल्यावर शस्त्रे आणि चिलखत होते तसे जागेवर ठेवून ते पुन्हा आपल्या सेवेला लागले. सैनिकांना वाटले, खुद्द स्वामीच लढले. स्वामी उठले तेव्हा त्यांना पत्ताही नव्हता.

कीर्तनात हा प्रसंग लावताना आम्ही नेहमी एका ठिकाणी थांबतो. चिलखत गुरूंचे आणि अंग शिष्याचे. परंपरा सांगते की नाथ देवगिरीवर आले ते बारा वर्षांचे बालक, आणि तेथे त्यांनी सहा वर्षे सेवा केली. म्हणजे प्रसंगाच्या वेळी वय फार तर सतरा-अठरा. एका प्रौढ किल्लेदाराच्या मापाचे लोहवस्त्र त्या कोवळ्या, गाथा-पोथ्यांत रमलेल्या देहावर कसे बसले असेल? भाविक म्हणेल, गुरुकृपेने बसले. तसेच असेल. परंतु आपल्या नातवाला जेव्हा आपण बाजारातून आणलेले चिलखत घालतो, तेव्हा कृपेबरोबर कात्रीही लागते, हे या लेखाचे प्रयोजन.

पूर्वी हे साहित्य घरीच होई. जाड पुठ्ठा, त्यावर खळीने चिकटविलेले कापड आणि वरून बेगड. पुठ्ठा घामाने मऊ पडे आणि अंगाला आपसूक वळण घेई. प्रयोग संपेपर्यंत टिकला म्हणजे झाले. ललिताच्या सोंगांना, विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीस सुरू केलेल्या पौराणिक नाटकांना आणि कोकणच्या दशावताराला अशाच हलक्या, हाती बनविलेल्या साहित्याने थोर साथ दिली. पुढे दूरदर्शनवर 1987 मध्ये ‘रामायण’ आणि 1988 मध्ये ‘महाभारत’ या मालिका सुरू झाल्या, आणि सोनेरी उरोभागाचे, खांद्यावर पंख असलेले कवच हेच वीराचे खरे रूप, असे साऱ्या देशाच्या मनात ठसले. वेरूळच्या कैलास लेण्यात रामायण-महाभारताचे पट कोरले आहेत. तेथील वीरांच्या अंगावर असली सोनेरी पिंजरेवजा कवचे शोधू जाल तर निराश व्हाल. असो. लोकमानसात जे रूप बसले ते बसले. आज वेशभूषेच्या दुकानांत मिळते ते याच रूपाचे प्लॅस्टिकचे चिलखत. तापविलेला पातळ तक्ता साच्यावर हवेच्या ओढीने बसवून ते घडवितात. साचा एकच, आणि देह मात्र विधात्याने प्रत्येकाला निराळा दिलेला.

त्यामुळे होते काय, की काखेत कड घुसते, गळ्याशी धार लागते, खाली बसताना उरोभाग वर सरकून हनुवटीवर आदळतो. आमच्या पाहण्यात एका देवळात नाथ झालेला मुलगा स्वामींपुढे नमस्काराला वाकला आणि अर्ध्यातच अडकला. समोरची बालगोपाळ मंडळी खदखदून हसली. प्रसंग गुरुभक्तीचा, आणि सभेत हशा! नंतर अंगरखा काढला तर लेकराच्या दोन्ही काखा सोलवटलेल्या. त्याने तोंडातून ‘हाय’ काढला नाही, हे त्याचे मोठेपण. पण असल्या तपश्चर्येची नाथांना गरज नाही.

काही वृद्ध मंडळी म्हणतात, नाथांच्या सोंगाला प्लॅस्टिक कशाला? आम्हांस हा आक्षेप अर्धाच मान्य आहे. वस्तू कशाची आहे यापेक्षा ती अंगाशी मैत्री करते की वैर, हे आम्ही अधिक महत्त्वाचे मानतो. लोखंडी कड्यांचा अंगरखा दहा किलोच्या घरात जातो. तो नऊ वर्षांच्या मुलाच्या अंगावर कोणी घालील काय?

शास्त्र काय सांगते

आपल्या पूर्वजांनी कवचाचा विचार देहापासून सुरू केला होता. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातील पंचाहत्तरावे सूक्त हे युद्धसाधनांचे सूक्त. त्यात कवच धारण केलेल्या वीराला गर्जणाऱ्या मेघाची उपमा आहे, आणि शेवटाकडे ऋषी योद्ध्याला सांगतो की तुझी मर्मे मी वर्माने झाकतो. मर्म आणि वर्म! जिथे नाजूक, तिथे आवरण. आज आपण करतो ते नेमके उलट. काख, गळा, जांघ या मर्मस्थानीच कवचाची तीक्ष्ण कड आणून टेकवितो.

कौटिल्याने तर अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात, आयुधागाराच्या प्रकरणात, याची यादीच दिली आहे. डोक्याला शिरस्त्राण, गळ्याला कंठत्राण, धडापुरता कूर्पास, गुडघ्यापर्यंतचा कंचुक, घोट्यापर्यंत लोंबणारा वारवाण, बाह्या नसलेला पट्ट. लोखंडाच्या जोडीला सुताचे कवचही तो सांगतो, त्याचे नाव सूत्रकंकट. म्हणजे एकच ताठ पिंजरा सर्वांगावर कोंबायचा नाही, तर अवयवागणिक निराळा तुकडा, आणि तुकड्यांमध्ये हालचालीला जागा. मध्ययुगात आपल्याकडे आलेल्या ‘चार-आइना’ या प्रकारात हेच तत्त्व दिसते. छातीला एक, पाठीला एक आणि दोन कुशींना दोन असे चार पत्रे पट्ट्यांनी जोडलेले. आणि कुशीच्या पत्र्यांची वरची कड काखेसाठी खोलगट कापलेली. ज्या कारागिराने ती पहिली खोलगट कड कापली, त्याला आमचा नमस्कार असो.

10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवछत्रपती अफझलखानाच्या भेटीस गेले, तेव्हा अंगरख्याच्या आत चिलखत आणि मंदिलाच्या आत लोखंडी टोप होता. ते चिलखत इतके अंगासरशी बसले होते की समोरच्याला संशय येऊ नये, आणि हात इतके मोकळे की क्षणार्धात वार करता यावा. अंगाशी बसलेल्या वस्त्रावर स्वराज्याचे भवितव्य तोलले गेले, असे म्हटले तर अतिशयोक्ती नव्हे. ज्यांना जुने लोहवस्त्र डोळ्यांनी पाहावयाचे असेल, त्यांनी छत्रपती संभाजीनगरातील छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालयाकडे मुलांना अवश्य न्यावे.

उलट दाखला हवा असेल तर द्रोणपर्व उघडावे. जयद्रथवधाच्या दिवशी द्रोणाचार्यांनी दुर्योधनाच्या अंगावर मंत्राने अभेद्य कवच बांधले. अर्जुनाचे बाण त्यावर आदळून वाया जाऊ लागले. पण अर्जुनाने ओळखले की याने कवच नुसते वाहिले आहे, ते घालून कसे वागावे हे याला ठाऊक नाही. आणि मग त्याने जिथे कवच नव्हते, त्या तळहातांवर बाण मारून त्याला पळवून लावले.

रामरक्षेच्या क्रमाने

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. तिन्हीसांजेला घरोघरी रामरक्षा म्हटली जाते. बुधकौशिक ऋषींनी त्यात मस्तकापासून पावलापर्यंत एकेक अवयव रामाच्या हवाली केला आहे. चिलखत बसविताना आम्ही हाच क्रम डोळ्यांपुढे ठेवतो; एकही अवयव विसरत नाही आणि मुलालाही गंमत वाटते. मात्र कंठापासून सुरुवात करावी, शिरस्त्राण शेवटी घ्यावे, कारण खांदे ठरल्यावाचून टोपाची उंची ठरत नाही.

पहिला नियम असा की माप घेताना मुलाने प्रयोगाच्या दिवशी घालायची तीच वस्त्रे अंगावर घालावीत. सुती बंडी, तीवर अंगरखा, आणि मग कवच. उघड्या अंगावर माप घेऊन कापलेले चिलखत अंगरख्यावर कधीच बसत नाही. पुढचा व मागचा तुकडा कागदी चिकटपट्टीने तात्पुरता जोडावा आणि मुलाला सरळ उभे करून चहूबाजूंनी पाहावे. मग त्याला दीर्घ श्वास घ्यावयास सांगावे. आम्ही कीर्तनकार मंडळी श्वासावर जगतो, म्हणून हे विशेष आग्रहाने सांगतो. मोठ्या माणसाची छाती पूर्ण श्वासाने चार-पाच सेंटिमीटर फुगते, मुलाची त्याहून थोडी कमी. रिकाम्या छातीवर घट्ट बसविलेले कवच अभंगाच्या दुसऱ्या चरणालाच गळा आवळते. भरल्या श्वासावर माप घ्यावे, आणि वर आणखी दोन बोटे सहज सरकतील इतकी सैल जागा ठेवावी.

कंठ. गळ्याची कड गळ्याच्या खळगीपासून किमान दोन बोटे खाली असावी. मुलाला मान खाली घालावयास, मग दोन्ही खांद्यांकडे वळवावयास सांगावे. जिथे हनुवटी टेकेल तिथे पेन्सिलीने खूण करावी.

स्कंध आणि भुज. येथे घाई करू नये, कारण चिलखताचा सारा त्रास येथेच आहे. मुलाला दोन्ही हात जोडून मस्तकावर नेण्यास सांगावे. नाथांच्या सोंगाला ही एक क्रिया न जमली तर सारे व्यर्थ. हात वर जाताना काखेची कड दंडाच्या आतल्या मांसात कुठे रुतते ते पाहून अर्धचंद्राची खूण करावी. हात पुढे घेऊन छातीशी मिठी मारताना समोरची कड रुतते, ती निराळी खूण. तलवार उपसण्याच्या हाताची काख दुसऱ्या हातापेक्षा थोडी अधिक खोल कापावी लागते. दोन्ही बाजू सारख्या दिसल्याच पाहिजेत हा हट्ट धरणाऱ्यांनी चार-आइना घडविणाऱ्या कारागिराचे स्मरण करावे. खांद्यावरचे पंख कवचाला पक्के जखडू नयेत. ते रुंद इलॅस्टिकच्या पट्टीने लोंबते ठेवावेत, म्हणजे हात वर जाताना तेही वर उचलले जातात.

खूण झाली की कवच अंगावरून काढावे. अंगावर असताना कापणे हा निव्वळ अविचार होय. कापताना एकाच वेळी खुणेपर्यंत जाऊ नये. पहिल्या खेपेस खुणेच्या अर्धा बोट अलीकडे थांबावे, पुन्हा घालून पाहावे, मग पुढे जावे. प्लॅस्टिक कापता येते, वाढविता येत नाही. देवगिरीवर हिशोबातील एका पैसाठी नाथांनी रात्र जागविली. येथे अर्ध्या बोटासाठी दोन-तीन खेपा करणे काही फार नव्हे.

पातळ तक्ता पत्रा कापण्याच्या वाकड्या कात्रीने चांगला कापला जातो. जाड असेल तर धारदार पात्याने खुणेवर हलक्या हाताने तीन-चार वेळा रेघ ओढावी आणि मग तो भाग रेघेवर मागे-पुढे वाकवावा. तो स्वच्छ तुटतो. जोर लावून एकाच घावात कापू गेल्यास पाते घसरते. बोट जाते आणि कवचही जाते. हे काम मोठ्यांचे. आतल्या बाजूचा कोपरा कधीही टोकदार ठेवू नये, तो गोलाकार घ्यावा; टोकदार कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो. तडा गेलाच, तर त्याच्या टोकाशी बारीक गोल भोक पाडावे. तडा तेथेच थांबतो. मग आतून कापडाची पट्टी चिकटवावी. झटपट सुकणाऱ्या थेंबाच्या गोंदाचा मोह आवरावा. त्याचा सांधा काचेसारखा कडक होतो आणि पहिल्याच वाकण्याला कडकन सुटतो. चपलेला लावतात ते पिवळसर रबरी द्रावण बरे, ते सांध्याला थोडी लवचीकता देते.

कापलेली कड करवतीसारखी असते. ती पॉलिशपेपरने आधी खरबरीत, मग बारीक, शेवटी पाणी लावून अगदी मऊ अशी घासावी. गालावरून फिरविली तरी ओरखडा उठू नये, ही परीक्षा. एवढ्यावर न थांबता काखेच्या व गळ्याच्या कडेला तिरप्या कापडाची पट्टी दुमडून शिवावी किंवा चिकटवावी. गाडीच्या दाराला लावतात ती रबरी पन्हाळीची पट्टीही छान बसते.

हृदय. छातीचा भाग सहसा जमतो. जमत नसेल तर बहुधा त्याचा बाक चुकलेला असतो, माप नव्हे. तो बाक उष्णतेने फिरविता येतो, पण येथे फार जपावे. पी.व्ही.सी. नावाचे प्लॅस्टिक सुमारे 80 अंश सेल्सिअसला मऊ पडते. रुंद पातेल्यात कडकडीत पाणी घेऊन चिमट्याने तेवढाच भाग थोडा वेळ बुडवावा, हाती जाड मोजे घालून तो उपड्या घागरीवर दाबून धरावा आणि वरून गार पाणी ओतावे. घागरीचा बाक तो घेतो. इतर जातीची प्लॅस्टिके याहून अधिक ताप मागतात, त्यांना गरम हवेचे यंत्र लागते. ते ज्याच्या हातचे आहे त्याच्याकडून करवावे. गॅसच्या ज्योतीवर धरण्याचा प्रयोग मुळीच करू नये. पी.व्ही.सी. जळले तर त्यातून निघणारा आम्लधूर छातीला घातक असतो. आणि मऊ केलेले प्लॅस्टिक मुलाच्या अंगावर दाबून आकार देण्याची कल्पना कोणाच्या स्वप्नातही येऊ नये.

नाभी आणि कटी. मुलाला मांडी घालून बसवावे. उरोभागाची खालची कड मांड्यांवर टेकून कवच वर ढकलले जात असेल, तर कड तितकी वर घ्यावी. बहुतेक बाजारी चिलखते येथे चार बोटे तरी लांब असतात. पोट झाकले जावे म्हणून लांबी हवीच असेल, तर खालचा भाग वेगळा कापून आडव्या पट्ट्यांच्या रूपाने कापडावर लावावा. एकावर एक सरकणाऱ्या त्या पट्ट्या वाकताना दुमडतात. दिसायलाही त्या अधिक खऱ्या दिसतात.

जानू आणि त्याखालील भागाविषयी फार बोलावयास नको. घोड्यावर मांड टाकण्याचा अभिनय करता यावा, पायऱ्या चढता याव्यात, इतके पुरे. आमचे मत विचाराल तर मुलांना गुडघ्याखाली प्लॅस्टिक घालूच नये, नुसती सुरवार शोभते.

आतले अस्तर, बाहेरचा बंद

आमचे शहर हिमरू आणि मशरूचे. मशरू या वस्त्राचे मर्म ठाऊक आहे ना? वरून रेशीम आणि आतून सूत. डोळ्यांना झळाळी, कातडीला मात्र सुताचा गारवा. प्लॅस्टिकच्या कवचाला नेमकी हीच युक्ती लावावी. आतल्या बाजूने जुन्या धोतराचे दोन-तीन पदर किंवा पातळ सुती गादी शिवून घ्यावी. खांद्यावर आणि बरगड्यांवर ती थोडी जाड ठेवावी. ती काढता-घालता यावी म्हणून टिचबटणे लावावीत, म्हणजे धुता येते. कौटिल्याचा सूत्रकंकट अशा रीतीने आमच्या नातवंडांच्या अंगावर पुन्हा अवतरतो!

फाल्गुनातच मराठवाड्यात दुपारी अंगाची लाही होऊ लागते. प्लॅस्टिकला श्वास नाही. घाम आत कोंडतो, मूल कासावीस होते. पाठीच्या तुकड्याला काखेखाली आणि कण्याच्या दोन्ही बाजूंना बारीक भोके पाडावीत. प्रेक्षकांना ती दिसत नाहीत. कवच प्रवेशाच्या आधी फार तर दहा मिनिटे चढवावे, आणि प्रवेश संपताच उतरवावे. मिरवणुकीत तासन्तास घालून मुलाला उन्हात चालविणे, मग ती नाथषष्ठीची असो वा शिवजयंतीची, आम्हांस पसंत नाही. मूल गप्प झाले, ओठ कोरडे पडले, चक्कर येते म्हणाले, तर तत्क्षणी सारे सोडून त्याला सावलीत न्यावे आणि पाणी पाजावे.

याहून गंभीर गोष्ट अग्नीची. सोंग उभे राहिले की त्याला औक्षण करण्याची, आरती ओवाळण्याची आपली रीत आहे, आणि ती सुंदर आहे. पण प्लॅस्टिक तापले की वितळते, पेटले की थेंबथेंब कातडीला चिकटते. निरांजन हातभर दूर असावे, ओवाळणाऱ्या भगिनीने पदर सावरलेला असावा, कापराची आरती सोंगाच्या पुढ्यात न आणता बाजूला ठेवावी. विजयादशमीला हेच कवच राम-लक्ष्मणांच्या अंगावर चढते. रावणदहनाच्या वेळी ती मुले अग्नीपासून पुष्कळ लांब उभी करावीत. बाण सोडण्याचा मान त्यांचा, वात लावण्याचे काम दुसऱ्या कोणा जाणत्याचे.

बंदांच्या बाबतीत आमचा सल्ला एकच. दुकानातले नाजूक बंद काढून टाकावेत आणि चिलखत घेऊन सरळ देवळाच्या चौकात बसणाऱ्या चर्मकार बांधवाकडे जावे. बक्कल कुठे, रिबीट कुठे, पट्टा किती तिरपा, हे त्याला न सांगता कळते. ज्याने आयुष्यभर चालत्या पावलाचे माप जाणले, त्याला खांद्याचे माप काय अवघड? भोकाच्या भोवती तो चामड्याची चकती घालतो, त्यामुळे प्लॅस्टिक फाटत नाही. कुशीचे बंद समोरून हाताला येतील असे असावेत आणि एका ओढीत सुटावेत. पाठीमागे गाठी मारलेले कवच आणीबाणीत उतरवता येत नाही. दहा वर्षांखालील मुलांना बक्कलऐवजी वेल्क्रोची पट्टी द्यावी. ती ‘खर्र’ वाजते खरी, पण मृदंगाच्या आवाजात ऐकू येत नाही.

आता शिरस्त्राण. टोप नेहमी मोठाच मिळतो. तो डोळ्यांवर घसरू नये म्हणून आत कापडाची गुंडाळी शिवावी. पुढे पातळ, मागे जाड. कान झाकले जाऊ नयेत, नाहीतर नाथांना स्वतःचा सूर ऐकू यायचा नाही आणि पेटीवाले बुवा कपाळाला हात लावतील! हनुवटीखाली घट्ट दोरी बांधू नये. टोप डोक्यावर घालून मान झटकावी. हलला नाही तर बसला.

सारे जमले की तालीम चिलखतासह घ्यावी, एकदा नव्हे, दोनदा. आम्ही तालमीत मुलाला साष्टांग नमस्कार घालावयास लावतो, उठवतो, मांडी घालून बसवतो, तलवार उपसून म्यान करावयास लावतो आणि सर्वांत लांब अभंग न थांबता म्हणवून घेतो. नंतर बंडी काढून काख, मान आणि कंबर पाहतो. लालसर वळ दिसला की त्या जागी पुन्हा पॉलिशपेपर. वळ उठलेला असताना ‘चालते हो, दोन घटकांचा तर प्रश्न’ असे म्हणणारे काका प्रत्येक मंडळात एक तरी असतातच. त्यांना आदराने चहाला पाठवावे.

आणि मग षष्ठीच्या रात्री तो प्रवेश येतो. स्वामी डोळे मिटून बसलेले. बाहेर रणवाद्ये. मुलगा चिलखताकडे जातो, ते आधी मस्तकाला लावतो. हे आम्ही मुद्दाम शिकवतो, कारण ते गुरूंचे आहे. मग एकेक बंद तो स्वतः लावतो, कोणाच्या मदतीवाचून. सभा निःशब्द होते. शेवटी तो पुन्हा येतो, चिलखत उतरवून होते तसे ठेवतो, जराही आवाज न करता, आणि दाराशी जाऊन बसतो. या उतरविण्याच्या प्रवेशाला कित्येक वृद्धांचे डोळे पाणावलेले आम्ही पाहिले आहेत. बंद अडकला, ओढाताण झाली, प्लॅस्टिक खडखडले, तर तो क्षण हातचा गेला म्हणून समजा.

सोहळा आटोपल्यावर अस्तर काढून धुवावे, कवच ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावे. पत्र्याच्या छपराखालच्या पेटीत ते ठेवू नये. वैशाखात ते वेडेवाकडे होऊन निघेल. आत जुने कापड भरून, टांगून ठेवलेले बरे. मोडले तरी ते गोदामाईच्या पात्रात किंवा नाथसागराच्या काठी टाकू नये. पुढच्या वर्षी मूल वाढलेले असेल; मग कुशीचे बंद दोन भोके पुढे घ्यावेत, नाहीतर धाकट्या भावंडाच्या खांद्यावर ते चढवून पुन्हा कंठापासून खुणा करावयास बसावे.